न हलणारा खटका

उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मध्ये भेस्तान लागते. मुंबईहून सुरतेकडे येणाऱ्या प्रवाशाला ते बहुधा खिडकीतून मागे पळणाऱ्या कारखान्यांच्या रांगेसारखेच दिसते. पांडेसऱ्याची धुराडी, लूम्सचा खडखडाट आणि चाळींच्या गॅलरीत वाळत घातलेली लुगडी. धुळे, नंदुरबार, जळगावकडची कितीतरी कुटुंबे येथे दोन-तीन पिढ्यांपासून नांदत आहेत. घरात मराठी किंवा अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशी त्यांची भाषेची वाटणी असते. माझी सारी नोकरी अशाच मुलांना इतिहास शिकवण्यात गेली.

दोन वर्षांपूर्वी माझा मोबाइल बंद पडला म्हणून भेस्तान स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मान वर केली आणि उठून वाकून नमस्कार केला. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. फोन उघडून त्याने भिंगाखाली धरला आणि मला आतले सारे दाखवू लागला. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, यात एकही हलणारा खटका नाही. तरी हा फोन एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जातो. अँटिना एकच असते आणि रस्ते दहा असतात. रस्ता बदलतं ते हे तांदळाच्या कणीएवढं काळं चिपाड. मी ते बदलून लावतो, पण आत काय होतं ते मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही सांगाल?"

मी इतिहासाचा एम. ए. माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय या मुलाने मला असाच प्रश्न यापूर्वीही एकदा विचारला होता आणि तेव्हा मी त्याला गप्प बसवले होते, हेही मला त्याच क्षणी आठवले. त्या आठवणीने मला पुढचे काही महिने वाचायला लावले. त्या वाचनातून हाती आलेला इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

खटका म्हणजे काय? वाट जोडणारी आणि तोडणारी वस्तू. घरातल्या दिव्याच्या बटणात पितळेची दोन टोके एकमेकांना भेटतात किंवा दूर होतात, एवढाच व्यवहार असतो. टोके दूर झाली की वीज थांबते. परंतु विजेची दिशा सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटसुलट होऊ लागली, म्हणजे तिची वारंवारता वाढली, की हा साधा न्याय चालत नाही. समोरासमोर उभ्या असलेल्या धातूच्या दोन तुकड्यांमधली फट अशा विजेला पुरती अडवू शकत नाही. मधून गळती होते. ती कमी करायला खटका लहान करावा, तर तो जोडलेला असताना वाट अरुंद होते आणि संदेश दुबळा होतो. उघडा असताना कडेकोट अन् मिटलेला असताना मोकळा, असा खटका बनवणे ही रेडिओ अभियंत्यांची फार जुनी डोकेदुखी आहे.

जुनी म्हणजे किती जुनी? १८९० साली फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांनी काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. एरवी त्या किसातून वीज नीट जात नसे. पण जवळपास विजेची ठिणगी पडली की कीस एकदम वाहक होई, आणि ठिणगी विझल्यावरही तसाच राही. नळीला टिचकी मारली की पुन्हा पहिल्यासारखा होई. पुढे ऑलिव्हर लॉज यांनी या नळीला 'कोहिअरर' हे नाव दिले. बिनतारी लहरींनी चालणारा हा पहिला खटका म्हणावा लागेल. त्यात दट्ट्या नव्हता की कमान नव्हती, फक्त पदार्थाची अवस्था बदलत होती. आणि ती अवस्था टिकून राहत होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस पाच मिलिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत पोहोचले होते. म्हणजे सेकंदाला सुमारे ६,००० कोटी कंपने. भारतात २०२२ साली मोबाइलसाठी लिलावात निघालेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा सेकंदाला सुमारे २,६०० कोटी कंपनांचा आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बोस त्याच्याही पलीकडे होते. लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलेना हा खनिज दगड वापरला आणि १९०४ साली त्याबद्दल त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. आपल्याकडे डोळ्यांत घालायचा सुरमा म्हणून जो काळा चकचकीत दगड विकला जातो, तो पुष्कळदा हाच असतो. गंधक, सेलेनियम, टेल्युरियम ही एकाच कुळातली भावंडे आहेत. हे कुळ या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

आता थोडे विषयांतर, पण सुरतेच्या माणसाला ते विषयांतर वाटू नये. हिरा आणि शिसपेन्सिलीतले ग्राफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे आहेत, हे हिऱ्याच्या कारखान्यात घासायला बसणारा पोरगाही सांगेल. परंतु ग्राफाइटमधून वीज जाते आणि हिऱ्यातून जात नाही. द्रव्य तेच, मांडणी वेगळी. दुसरा दाखला आपल्या दिवाळीच्या स्वयंपाकघरातला. साखरेचा पक्का पाक थंड ताटात झटकन ओतला तर काचेसारखी पारदर्शक गोळी होते. तोच पाक सावकाश निवू दिला, तर त्यातून खडीसाखरेचे खडे धरतात. घाईने निवालेल्या पाकातले कण जिथल्या तिथे अडकून पडतात, तर सवड मिळालेले कण रांगेत जाऊन बसतात. पहिल्या रूपाला शास्त्रज्ञ अस्फटिकी म्हणतात, दुसऱ्याला स्फटिकी.

काही पदार्थ असे आहेत की त्यांच्या या दोन रूपांत विजेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जर्मेनियम आणि टेल्युरियम यांचे संयुग त्यांतले एक. जर्मेनियम सापडण्यापूर्वीच, १८७१ साली, रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी त्याचे भाकीत केले होते आणि त्याला 'एका-सिलिकॉन' असे नाव दिले होते. त्यातला 'एक' हा आपल्या संस्कृतातला 'एक' आहे. १८८६ साली जर्मनीत क्लेमेन्स विंकलर यांना ते मूलद्रव्य सापडले. टेल्युरियम त्याआधी शंभर वर्षे, १७८२ साली, ट्रान्सिल्व्हानियातल्या सोन्याच्या खनिजात आढळले होते. द्रव्ये माणसाच्या हाती होती, त्यांचा हा गुण मात्र झाकलेला होता.

१९५५ साली लेनिनग्राडमध्ये कोलोमिएट्स आणि गोर्युनोव्हा यांनी दाखवले, की टेल्युरियमच्या कुळातल्या काही काचा अर्धवाहक असतात. तोवर अर्धवाहक म्हटला की तो नीटस स्फटिकच असणार, अशी समजूत होती. काचेसारख्या विस्कळीत पदार्थाकडून शिस्तीच्या कामाची अपेक्षा कोणी करीत नव्हते. ती अपेक्षा करणारा माणूस भौतिकशास्त्राच्या विद्यापीठातून न येता यंत्रशाळेतून आला.

स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांचा जन्म १९२२ सालचा, अमेरिकेतल्या ॲक्रन गावचा. रबर आणि टायर यांच्या कारखान्यांचे ते गाव. वडील लिथुआनियाहून पोटासाठी आलेले ज्यू, भंगार गोळा करून विकणारे. मुलगा यंत्रकाम शिकला आणि लेथवर उभा राहिला. कॉलेजची पायरी तो चढला नाही. लेथ चालवता चालवता त्याने नव्या रचनेचा एक लेथ तयार केला आणि त्याला वडिलांचे, बेंजामिन हे, नाव दिले. पुढे त्याला निराळाच छंद लागला. माणसाच्या मेंदूतली पेशी ठरावीक उंबरठ्यापर्यंत गप्प बसते आणि तो ओलांडला की एकदम संदेश सोडते. मग निर्जीव पदार्थाचा असा खटका का होऊ नये, असे त्याला वाटू लागले. १९६० साली त्याने आणि आयरिस यांनी डेट्रॉइटमध्ये एका दुकानवजा जागेत आपली प्रयोगशाळा थाटली. आयरिस पुढे त्याच्या पत्नी झाल्या. त्या जीवरसायनशास्त्राच्या डॉक्टरेट होत्या.

नोव्हेंबर १९६८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या मान्यवर नियतकालिकात ओव्हशिन्स्कींचा निबंध छापून आला. टेल्युरियमयुक्त काचेच्या पातळ थरावर विजेचा दाब वाढवला की ती क्षणात वाहक होते. काही मिश्रणे दाब काढताच पूर्ववत होतात, आणि काही मिश्रणे वीज बंद केली तरी बदललेल्या अवस्थेतच राहतात. बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेली, कंपनीच्या समभागांचे भाव चढले आणि लगेच टीकेचा भडिमारही झाला. पदवी नसलेला माणूस, त्यात पत्रकार परिषद घेऊन शोध सांगणारा! इतके मोठे दावे पाहून पुष्कळांनी नाके मुरडली. ती सगळी टीका अन्यायाची होती असेही म्हणता येणार नाही. काही आश्वासने खरोखरच घाईची होती. तथापि मूळ घटना खरी होती. केंब्रिजचे नेव्हिल मॉट यांनी या कामात मनापासून रस घेतला. विस्कळीत पदार्थांच्या सिद्धांतासाठी त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९७० साली ओव्हशिन्स्कींच्या सहकाऱ्यांबरोबर इंटेलचे गॉर्डन मूर यांनी २५६ खुणा साठवणाऱ्या एका स्मृतिपटलाचे वर्णन प्रसिद्ध केले. पण या पदार्थाला तापवायला वीज फार लागे. सिलिकॉन दरवर्षी स्वस्त होत गेले आणि ही वाट मागे पडली. वीस वर्षे तिच्यावर गवत उगवले असते, पण जपानमध्ये काम चालू राहिले. तिथे मात्सुशिता कंपनीच्या नोबोरू यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे असे मिश्रण सिद्ध केले, की लेसरच्या एका झोताने ते क्षणात स्फटिकी व्हावे आणि दुसऱ्या झोताने अस्फटिकी. दोन्ही रूपांत प्रकाश निरनिराळा परावर्तित होतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्या त्यातून जन्मल्या. १९९७ च्या सुमारास बाजारात आलेल्या पुनर्लेखनाच्या सीडीतही याच कुळातले, चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे मिश्रण असे.

येथे मला थांबावे लागते. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात निकालाच्या याद्या अशाच सीडीवर ठेवीत असू. एकदा एक नववीतला मुलगा ती सीडी उजेडात तिरकी धरून पाहत होता. त्याने मला विचारले, "सर, यावर लिहिलेलं खोडून परत लिहितात, मग खोडलेलं कुठं जातं?" मी म्हणालो, "नसत्या चौकशा कशाला? आधी सनावळ्या पाठ कर." त्याच वर्षी त्याचे वडील लूमवरची पाळी टाकून मला भेटायला आले. मुलगा पुस्तकात मागे होता, हाताने मात्र घड्याळ, पंखा काहीही उघडून जोडीत असे. मी त्यांना म्हटले, "दादा, हा पुस्तकातला नाही. हाताला काम लावा." ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी." पुढच्या जूनमध्ये मुलगा शाळेत आला नाही. तोच हा भेस्तानचा दुकानदार.

हाताला काम लावा, या सल्ल्यात वाईट काही नव्हते. वाईट होते ते त्यामागचे गृहीतक. हात आणि डोके ही दोन निराळ्या माणसांची मालमत्ता आहे, असे मी मानून चाललो होतो. मला तेव्हा ओव्हशिन्स्की ठाऊक असते, तर त्या सीडीवरच्या प्रश्नाला मी निदान बसायला पाट दिला असता.

असो. मूळ विषयाकडे वळू. रेडिओच्या अभियंत्यांनी या पदार्थाकडे नव्याने पाहिले ते या शतकात. त्यांना स्मृती साठवायची नव्हती, त्यांना चांगला खटका हवा होता. २०१३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीच्या नबील अल-हिन्नावी आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियम टेल्युराइडचा एक खटका प्रसिद्ध केला. त्याची रचना समजायला सोपी आहे. संदेशाच्या वाटेत या पदार्थाची चिमुकली पट्टी टाकायची. तिच्याखाली, विजेला दाद न देणाऱ्या पातळ थराने वेगळी केलेली, तापणारी तार ठेवायची. आपल्या विजेच्या शेगडीतल्या तारेचीच ही सूक्ष्म बहीण. तारेला अत्यल्प काळाचा जोरदार झटका दिला की पट्टी ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन वितळते, आणि झटका संपताच इतक्या लवकर निवते की कणांना रांगेत बसायला सवड मिळत नाही. वाट तुटते. मग सौम्य पण थोडा अधिक वेळचा झटका दिला की पट्टी न वितळता स्फटिकी होते. वाट जुळते. हा सारा व्यवहार सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास उरकतो. दोन रूपांतला विजेच्या रोधाचा फरक लाखपटीच्या घरात जातो.

ओव्हशिन्स्कींच्या खटक्यात तापवणारी वीज आणि अडवायची वीज एकाच वाटेने जात होती. येथे दोघींच्या वाटा वेगळ्या केल्या, हे या रचनेचे मर्म. आणि झटका दिल्यानंतर खटका त्या अवस्थेत टिकवायला वीज लागत नाही. ब्रान्लीची नळी टिचकी मारेपर्यंत जुळलेली राहत असे, हे वाचकांना आठवत असेल. आतली कारणे अगदी निराळी, पण गुण तोच.

असा खटका किती चोख, हे मोजायला अभियंते एक आकडा वापरतात. जोडलेला असताना होणारा अडथळा आणि तुटलेला असताना होणारी गळती या दोहोंवरून तो निघतो. २०१३ साली तो सेकंदाला ७.३ लाख कोटी कंपनांपर्यंत गेला. याचा अर्थ खटका इतक्या वेळा उघडमीट होतो असा नव्हे. जितका हा आकडा मोठा, तितका खटका उच्च वारंवारतेला चोख, एवढाच त्याचा अर्थ. रेडिओतल्या रूढ सिलिकॉन खटक्यांपेक्षा तो कितीतरी वरचा होता.

मग माझ्या फोनमध्ये हाच होता काय? नाही. त्यातले ते काळे चिपाड सिलिकॉनच्या रूढ खटक्यांचे होते. नव्या पदार्थाच्या अडचणीही आहेत. दर वेळी वितळायचे आणि निवायचे म्हटल्यावर पदार्थ हळूहळू थकतो. तापवायला क्षणभर का होईना, बरीच शक्ती लागते. म्हणून वारंवार उघडमीट असेल तिथे सिलिकॉनच बरे. क्वचित बदलायच्या आणि बदलल्यावर तशाच ठेवायच्या वाटांसाठी हा खटका योग्य. त्याला प्रतिस्पर्धीही आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइड हे द्रव्य ६८ अंशांच्या आसपास एकदम वाहक होते. बेल प्रयोगशाळेतल्या एफ. जे. मॉरिन यांनी अशा ऑक्साइडांचा हा गुण १९५९ साली मांडला. ते वितळत नाही, म्हणून थकतही कमी. पण निवले की ते पूर्वस्थितीवर येते, त्यामुळे त्याला सतत ऊब द्यावी लागते.

भारतात या पदार्थांचा अभ्यास नव्हता असे कोणी समजू नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ई. एस. आर. गोपाल आणि एस. अशोकन यांनी टेल्युरियमच्या कुळातल्या काचांवर १९८० च्या दशकापासून काम केले. सी. एन. आर. राव आणि के. जे. राव यांचा घन पदार्थांच्या अवस्थांतरावरचा ग्रंथ १९७८ साली निघाला. पण आमच्या शाळांपर्यंत यातले काही पोहोचले नाही, आणि ते पोहोचवायचे काम आमचे होते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या कथेतून एक गोष्ट कळली. हा खटका कोणी शोधला, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. ब्रान्ली, बोस, कोलोमिएट्स, गोर्युनोव्हा, ओव्हशिन्स्की, यामादा, अल-हिन्नावी अशी ही साखळी आहे. तिच्यात प्राध्यापक आहेत, कंपनीचे नोकर आहेत आणि लेथवरचा एक माणूस आहे. परीक्षेत आपण 'शोध कोणी लावला?' असे विचारून एका गुणासाठी एक नाव लिहून घेतो. त्या एका नावाच्या सवयीमुळे आपल्या मुलांना वाटते, की शोध म्हणजे दूरच्या थोर माणसांचे काम, आपल्यासारख्यांच्या घरी ते उतरत नाही. ओव्हशिन्स्की २०१२ साली वारले. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती. म्हणजे हातात कसब असले की भाग्य फळफळते, असाही या कथेचा अर्थ नाही. तिचा अर्थ एवढाच, की प्रश्न पडणे ही पदवीधरांची मक्तेदारी नाही.

हे सारे टिपून काढले आणि गेल्या दिवाळीच्या आधी त्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हते. मी त्याला पाकाचा दाखला दिला, शेगडीची तार सांगितली, लेथवाल्याची हकिकत सांगितली. मग म्हटले, "तू नववीत मला सीडीबद्दल विचारलं होतंस. त्याचं उत्तर आज आणलंय. खोडलेलं कुठं जात नाही. तिथलेच कण पुन्हा वेगळ्या मांडणीत बसतात. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायचा धीरही नव्हता."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग हसून म्हणाला, "सर, मला ते आठवतही नाही." त्याला खरेच आठवत नव्हते की माझ्या वयाचा मान राखून तो तसे म्हणाला, हे मी विचारले नाही. त्याने गल्ल्यामागून आपल्या मुलीला हाक मारली. ती गुजराती माध्यमात सातवीत शिकते. तो तिला म्हणाला, "बस इथं. सर सांगतात ते ऐक, आणि कळलं नाही तर विचार."

तिने विचारले, आणि एकदा नव्हे, चारदा. दोन प्रश्नांची उत्तरे मला आली. उरलेली दोन मी वहीत लिहून घरी आणली आहेत.